घंगाळ क्रमांक एक

लक्ष्मीनगरच्या गृहिणी मंडळाकडे चारशे बारा भांडी होती आणि त्या चारशे बारा भांड्यांवर मनकर्णाबाईंचे राज्य होते. बावीस वर्षे. कोणाच्या घरी बारसे, साक्षगंध वा लग्न निघाले, की त्या घरची कर्ती बाई पहिली अक्षत देवाला देई आणि दुसरी घेऊन मनकर्णाबाईंच्या ओट्यावर येई. कारण गंज, कोपर, पराती, गुंड यांतले एकही भांडे त्यांच्या सहीवाचून जागचे हलत नसे. मनकर्णाबाईंनी आता सत्तरी ओलांडली होती. देवाच्या खालोखालचे आपले स्थान त्यांना मान्य होते. देवाच्या आधीचे मिळाले असते, तर त्यांनी फार आढेवेढे घेतले नसते.

हे राज्य चाले एका चोपडीवर. दोनशे पाने, लाल कापडी पुठ्ठा. त्या एका चोपडीत चार याद्या एकत्र नांदत: सभासद कोण, भांडी कोणती, कोणाकडे काय गेले आणि पुढची कार्ये कोणत्या तिथीला. पूर्वी चार वह्या असत, चार घरी; पण एकाहत्तर साली एकच मोठी परात एकाच दिवशी दोन लग्नांना कबूल झाली, आणि दोन वरमाया एका परातीच्या दोन कडा धरून उभ्या राहिल्या, तेव्हा मनकर्णाबाईंनी चारही वह्या मोडून एक चोपडी केली. कोणती यादी किती वाढेल हे आधी कोणाला कळते? म्हणून त्यांनी पाने वाटून दिलीच नाहीत. ज्या यादीचे पान भरेल तिने पुढे मिळेल ते कोरे पान घ्यावे, आणि भरलेल्या पानाच्या तळाशी लिहावे, ‘पुढे पान ६३’. प्रत्येक पानाच्या डोक्यावर यादीची खूण. जे पान निकामी झाले त्यावर एक तिरपी रेघ ओढून ते रिकाम्या पानांत जमा करावे, आणि नड पडली की त्यावर कागद डकवून पुन्हा वापरावे. कोणती यादी कोठून सुरू होते ते दुसऱ्या पानावर लिहिलेले असे. पहिले पान देवाचे. दर दसऱ्याला चोपडी पूजेत बसे आणि त्या पानावर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक निघे.

सत्त्याऐंशी साली या व्यवस्थेत तारा आली. तारा ही त्यांची नात. बर्डीवरच्या एका संगणक वर्गात शिकवायची आणि चारनंतर तिथले यंत्र तिला मोकळे मिळायचे. मंडळाच्या याद्या यंत्रात घालण्याचे तिने मनावर घेतले.

"आजी, चार फायली करते. सभासदांची एक, भांड्यांची एक..."

"एका घरात चार चुली मांडतेस?"

"आमच्याकडे असंच करतात गं. प्रत्येक यादीची फाइल वेगळी."

"मग चुकीचे करता. एक फाइल हरवली, की बाकीच्या तीन तिच्या नावाने रडत बसतील. एकच कर."

"एकात चार याद्या कशा बसवू? एक वाढली की दुसरीच्या अंगावर जाईल."

मनकर्णाबाईंनी चोपडी तिच्या मांडीवर ठेवली आणि त्या भाजी निवडायला गेल्या. मेथीची जुडी संपेपर्यंत तारा चोपडीची पाने उलटत राहिली. मग ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजी, हे तुला कोणी शिकवलं?"

"मला कोण शिकवणार?"

"अगं, मोठमोठ्या यंत्रांत अगदी हेच करतात. फाइल एकच, तिची सारख्या आकाराची पानं पाडायची, प्रत्येक पानावर ते कोणत्या यादीचं आणि पुढचं कोणतं ते लिहायचं, आणि सुरुवातीला सगळ्यांचा पत्ता."

"त्यांना सुचायला उशीर झाला असेल," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि शांतपणे दुसरी जुडी उचलली. ती शांतता संध्याकाळपर्यंत टिकली. गोकुळपेठच्या बाजारात पोचताच त्यांनी भाजीवालीला, संत्रीवाल्याला आणि रिक्षा थांबवून रिक्षावाल्यालाही सांगितले, की जगातले झाडून सारे संगणक लक्ष्मीनगरच्या चोपडीच्या रीतीने चालतात. संत्रीवाल्याने दोन संत्री जास्त घातली. तो मान मनकर्णाबाईंनी आपल्या बुद्धीचा समजला; ती संत्री सडायला आली होती हे त्यांना घरी कळले.

ताराने एकच फरक केला. देवाचे पान गाळले आणि याद्यांचा पत्ता थेट पहिल्याच पानावर घातला. कोरे पान वाया कशाला, असे तिचे म्हणणे. मनकर्णाबाईंनी ते चालवून घेतले. लहानसहान चुका त्या तरुणांसाठी राखून ठेवीत. मोठ्यांचा मक्ता त्यांच्याकडेच होता.

श्रावणभर मनकर्णाबाईंनी चोपडी वाचली आणि ताराने ती यंत्रात उतरवली. एक पान राहता राहिले. त्याच्या डोक्यावर लिहिले होते, ‘अध्यक्षा’. मनकर्णाबाई स्वतः नेलेल्या भांड्यांची नोंद वेगळ्या पानावर ठेवीत. शोभाताई, इंदूबाई अशा बाकीच्या सभासदांच्या ओळींत आपली ओळ त्यांना बरी दिसत नसे. ताराने ते स्वतःच बघून उतरवले.

"ते काढून टाक," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"का?"

"माझ्याकडून भांडी परत आली की नाही, हे कागद ठरवणार? सगळी आली आहेत."

ताराने एक कळ दाबली.

"गेले?"

"यादीतून गेलं. पान रिकाम्या पानांत जमा झालं."

"तेच म्हणते मी."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली. सारे शहर घरातली अडगळ रस्त्यावर आणून ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडत होते. मनकर्णाबाईंनी मोडका झारा, तुटलेली छत्री आणि ती लाल चोपडी बागेत काम करणाऱ्या लहानूच्या हाती दिली. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहून ठेवणे म्हणजे नातीवर अविश्वास दाखवणे, असे त्या म्हणाल्या. त्या वाक्यावर त्या स्वतःच इतक्या खूश झाल्या, की त्यांनी ते दोनदा म्हटले.

आता घंगाळ.

मंडळाचे पहिले भांडे म्हणजे तांब्याचे ते घंगाळ. दोन कड्या, काठाखाली ठोकलेला ‘१’. लक्ष्मीनगरातल्या बावीस वर्षांतल्या झाडून साऱ्या नवऱ्या हळद उतरवताना त्याच घंगाळातल्या पाण्याने न्हाल्या होत्या. ते तीन वर्षांपासून बेपत्ता होते. यादीत त्याच्या पुढची शेवटची ओळ उपाध्यक्षा शोभाताईंची होती, वैशाखातली, आणि परतीचा रकाना कोरा. आता इंदूबाईंच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते आणि इंदूबाईंना घंगाळ हवे होते.

नवरात्राच्या आधी तिघी मनकर्णाबाईंच्या ओट्यावर बसल्या होत्या. ओट्याच्या कडेला गेरू लावलेली एक भली मोठी कुंडी होती, तिच्यात मोगरा. मनकर्णाबाई चहाची बशी नेहमी त्या कुंडीच्या काठावर ठेवीत.

"माह्या पोरीले काय पिलास्टिकच्या बकेटीनं न्हाऊ घालू?" इंदूबाई म्हणाल्या. "दोघी मोठ्या बाया हाय तुमी. एका घंगाळाचा पत्ता लागून नाही राहिला?"

"मी सांगून सांगून थकले," शोभाताई म्हणाल्या. "मनकर्णाताई, तुमच्या नातवाच्या बारशाला तुम्हीच माझ्या घरून परस्पर नेलंत. लहानू आला होता हातगाडी घेऊन."

"माझ्या घरी असते तर मला दिसले नसते काय?" मनकर्णाबाईंनी बशी उचलली, चहाचा घोट घेतला आणि बशी पुन्हा काठावर ठेवली. "इथे बसून मी रोज त्याच घंगाळाची काळजी करते, शोभाताई. रोज!"

"मग चोपडीत बघा."

"चोपडी आता यंत्रात आहे. आणि यंत्रात तुमचे नाव आहे."

शोभाताई उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच मनकर्णाबाईंना खुपले. "साठीला आले मी. आजवर कोणाची वाटीही घरात राहू दिली नाही. तुम्हाला असं वाटत असेल, तर सभेत ठराव आणा."

मनकर्णाबाईंनी ठराव आणला. दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी वार्षिक सभा होती. घंगाळ दडवल्याबद्दल शोभाताईंना उपाध्यक्षपदावरून दूर करावे आणि सभासदांतून त्यांचे नाव कमी करावे, असे त्यांनी स्वहस्ताक्षरात लिहून साठ घरी फिरवले. पुरावा म्हणून यंत्रातून छापलेली यादी वाचून दाखवली जाणार होती. शोभाताईंच्या घरी भाजी घालणारी बाईही त्या आठवड्यात त्यांच्याशी जपून बोलू लागली.

दसरा आला. पाटावर विळी, खलबत्ता, शिवणयंत्र मांडले गेले. चोपडीची जागा रिकामी दिसत होती, म्हणून मनकर्णाबाईंनी ताराच्या टेबलावरची, याद्या साठवलेली फ्लॉपी आणली. ती काळी, चौकोनी, तळहाताएवढी वस्तू कागदी पाकिटात होती. पाकिटातल्या वस्तूची पूजा देवाला पोचत नाही, म्हणून त्यांनी ती बाहेर काढली. तिच्या अंगावर एक लांबट खिडकी होती आणि आत काहीतरी तपकिरी, गुळगुळीत चमकत होते. गंध लावण्यासाठीच ती जागा सोडली असावी, याविषयी मनकर्णाबाईंना तिळभर शंका आली नाही. त्यांनी तिथे ओल्या हळदीचे एक आणि ओल्या कुंकवाचे एक अशी दोन बोटे भक्तिभावाने टेकवली, अक्षता वाहिल्या आणि नीट बसावे म्हणून थोडे दाबले.

ताराला हे शुक्रवारी संध्याकाळी कळले. ती काही वेळ त्या कुंकवाकडे आणि काही वेळ आजीकडे बघत राहिली.

"आजी, यात सगळं होतं."

"देवाच्या नावाने लावले आहे. काही होणार नाही."

"यंत्र देवाचं नाव नाही वाचत गं. दुसरी प्रत केली नाही मी अजून. तूच म्हणालीस, दोन ठिकाणी लिहिणं म्हणजे अविश्वास."

त्या वाक्यावर आपण किती खूश झालो होतो, हे मनकर्णाबाईंना आठवले. त्यांनी विषय बदलला नाही, कारण बदलायला दुसरा विषय सुचला नाही.

शनिवारी सकाळी ताराने फ्लॉपीचे काळे आवरण ब्लेडने कापले. आतली पातळ चकती तिने रिठ्याच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतली, मऊ सुती कापडावर वाळवली आणि दुसऱ्या एका कोऱ्या फ्लॉपीच्या आवरणात सरकवली. मनकर्णाबाई शेजारी उभ्या राहून सूचना देत होत्या. रेशमी साड्या कशा धुवाव्यात हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांना दुसरे काही ठाऊक नव्हते. दुपारी दोघी बर्डीवर गेल्या.

यंत्राने चकती वाचली. पण पहिले पान वाचले नाही. कुंकू नेमके तिथे मुरले होते.

"म्हणजे याद्या गेल्या?" मनकर्णाबाईंनी विचारले.

"नाही. याद्या जागेवर आहेत. कोणती यादी कुठून सुरू होते, तेवढंच गेलं. घर आहे, दारावरची पाटी नाही." ताराने खुर्ची पुढे ओढली. "आता एकच करता येईल. पहिलं सोडून सगळी पानं, ओळीने, जशी आहेत तशी छापते. तू बघून सांग कुठल्या यादीचं तोंड कुठे आहे. मग मी पहिलं पान नव्याने लिहीन."

छापण्याचे यंत्र करकरत राहिले. त्रेचाळीस कागद निघाले आणि वर्गाच्या रिकाम्या फरशीवर अंथरले गेले. मनकर्णाबाई पदर खोचून त्यांच्यामधून फिरू लागल्या. आपण पाडलेल्या रीतीला इतक्या जवळून सामोरे जाण्याचा त्यांना प्रसंग आला नव्हता. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर खूण होती, तळाशी पुढच्या पानाचा आकडा. ज्या पानाकडे दुसरे कोणतेच पान बोट दाखवत नव्हते, ते यादीचे तोंड. तासाभरात चारही याद्यांची तोंडे सापडली. मनकर्णाबाईंची मान पुन्हा ताठ झाली. "रीत कोणाची आहे?" त्या म्हणाल्या.

"तुझी, आजी," तारा म्हणाली. तिच्या हातात एक कागद उरला होता. "पण हे कुठल्याच यादीत बसत नाही. कोणी याच्याकडे बोट दाखवत नाही आणि याच्या पुढेही काही नाही. अच्छा, हे तुझं ‘अध्यक्षा’चं रिकामं केलेलं पान आहे. कोणी पुन्हा वापरलं नाही, म्हणून जुना मजकूर तसाच राहिला."

"तू तर ते काढून टाकले होतेस."

"यादीतून काढलं होतं. पुसलं नव्हतं. तुझ्या तिरप्या रेघेसारखंच."

मनकर्णाबाईंनी चष्मा लावला. डोक्यावर ‘अध्यक्षा’ होते. खाली, तिसऱ्या ओळीत, त्यांनीच तीन वर्षांपूर्वी लिहिलेले आणि ताराने उतरवलेले शब्द होते: ‘घंगाळ क्र. १. बारशासाठी. शोभाताईंकडून परस्पर आणले.’ परतीचा रकाना कोरा होता.

पंखा फिरत होता आणि कागदांच्या कडा उडत होत्या. मनकर्णाबाईंना आठवू लागले, आणि ते इतक्या सुबकपणे आठवू लागले, की आजवर ते आठवले नव्हते याचेच नवल वाटावे. बारशाच्या दिवशी घंगाळाला बुडाशी भोक पडले होते. गळके भांडे परत कसे पाठवावे? इतवारीतल्या तांबटाकडे पाठवू, असे ठरले. तोवर नळाखाली ठेवा, असे ठरले. पुढचे ठरले नाही.

"आजी," तारा हळूच म्हणाली. "या पानाचा पत्ता मी पहिल्या पानावर लिहिला नाही, तर ते कोणालाच दिसणार नाही. उद्या छापलेल्या यादीत शोभाताईंचंच नाव येईल. पुढे कधीतरी याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईल, की संपलं. काय करू?"

मनकर्णाबाईंनी तो कागद हातात घेतला. अध्यक्षपद, बावीस वर्षे, साठ घरी फिरवलेला ठराव: सगळे त्या एका कागदावर बसले होते, आणि कागद वजनाला अगदी हलका होता. दडवून टाकणे किती सोपे होते! त्यांची रीतच तशी सोयीची होती.

घरी येताच त्या ओट्यावर गेल्या आणि कुंडीच्या काठाखालचा गेरू त्यांनी हातातल्या पाटलीने खरवडला. लाल माती गळून पडली. खाली तांबे होते, आणि तांब्यावर ‘१’.

लहानू झारी घेऊन येत होता, तो थबकला.

"लहानू, हा मोगरा यात कोणी लावला?"

"मीच लावला ना बाई. तुमीच तं म्हनलं, भोक असन तं कुंडी बेस होते, पानी साचत नाही."

"आणि गेरू?"

"तेबी तुमीच. म्हनलं, तांबं चमकून राहिलं, बरं नाही दिसत."

"तीन वर्षांत तू मला एकदा सांगितले का नाहीस?"

"आता तुमाले काय सांगाव, बाई? तुमी त्याच्यावर बशी ठेवून शोभाबाईले शिव्या देत होत्या. मले वाटलं, ते दुसरं घंगाळ असन."

मनकर्णाबाई पायरीवर बसल्या. त्यांना हसू आले. पण अध्यक्षांनी माळ्यापुढे हसावे की नाही हे ठरेपर्यंत ते ओसरले. मग त्यांनी आत हाक मारली, "तारा, ते पान यादीत घाल. त्याचा पत्ता सर्वांत वर लिही."

रविवारी तीन वाजता शोभाताईंच्या दिवाणखान्यात सभा भरली. चाळीस बायका सतरंजीवर होत्या. शोभाताई दाराजवळ उभ्या होत्या. यजमानीण असूनही त्या बसल्या नव्हत्या. मनकर्णाबाई सायकलरिक्षातून उतरल्या तेव्हा मांडीवर घंगाळ होते, मातीने माखलेले, आणि जरीच्या काठाला गेरू लागला होता. कोणाला धरू न देता त्यांनी ते स्वतः आत आणले. मधोमध ठेवताना ते ठण्णकन वाजले आणि कुजबुज थांबली.

त्यांनी छापलेला कागद उघडला आणि ‘अध्यक्षा’च्या पानावरची तिसरी ओळ स्वच्छ आवाजात वाचली. मग चष्मा काढला.

"ठराव मी मागे घेते. घंगाळ माझ्या घरी होते. मी त्यात मोगरा लावला होता आणि त्यावर बशी ठेवून तुम्हा सर्वांना उपदेश करीत होते. शोभाताई खरे बोलत होत्या. मी खोटे बोलत नव्हते, असे मला म्हणायचे आहे. पण जिने स्वतःची नोंद स्वतः पुसायला सांगितली, तिच्या म्हणण्याला किंमत किती, हे मंडळाने ठरवावे. अध्यक्षपद मी सोडते." आणि शोभाताईंकडे वळून, सगळ्यांच्या देखत, आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतःहून धाकट्या बाईपुढे हात जोडले.

शोभाताईंनी खाली बसून घंगाळाच्या आतली माती चिमटीत घेतली आणि वास घेतला.

"मोगरा कुठाय?" त्यांनी विचारले.

"उपटून ओट्यावर ठेवला आहे. मरेल आता."

"मरतो कशाला? मंडळाची दोनशे बारा नंबरची गळकी बालदी रीतसर माझ्या नावावर लिहून इथे ठेवली आहे. घेऊन जा ती." त्या उठल्या. "आणि बायांनो, अध्यक्ष बदलायचा असेल तर पुढच्या वर्षी बघू. या वर्षी यांच्यावर नजर ठेवायची आहे, त्या पदावर असल्या की सोपं जाईल."

सतरंजीवर हसू फुटले. कोणी रुसले नाही, पण कोणी हसणे आवरलेही नाही, आणि ते ऐकत बसण्यावाचून मनकर्णाबाईंना गत्यंतर नव्हते.

"ते सारं ठीक हाय," इंदूबाई घंगाळ उपडे करून म्हणाल्या, "पन हे भोक पाहा वं! माह्या पोरीच्या हळदीपर्यंत हे कोन बुजवन?"

"उद्या सकाळी मी स्वतः इतवारीत घेऊन जाते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "माझ्या नावावर लिहा."

संध्याकाळी त्या बालदी घेऊन घरी आल्या. लहानूने मोगरा तिच्यात लावला. मनकर्णाबाईंच्या हातात चहाची बशी होती. बालदीच्या काठावर ती ठेवता ठेवता त्यांनी हात मागे घेतला.

"तारा," त्यांनी हाक मारली, "भांडे दोनशे बारा. कोणाकडे, ते लिही."

"लिहिते. ‘अध्यक्षा’च्या पानावर ना?"

"नको. शोभाताईंच्या खालच्या ओळीत. आणि ते पहिले पान देवासाठी कोरे सोड. पुढच्या दसऱ्याला मी कुंकू लावणार आहे."